पाठमोरी खुर्ची

रणजित मगदूमला आपल्या प्रामाणिकपणाचा गर्व होता आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही. आठवडाभर शाळेत खेळाचे सर आणि सुट्टीच्या दिवशी शालेय कुस्तीचा पंच, असा त्याचा संसार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या मनगटावर लाल पट्टा, उजव्या मनगटावर निळा, गळ्यात शिट्टी. एकदा त्यानं स्वतःच्या तालमीतल्या पोराविरुद्ध निकाल दिला होता. त्या दिवशी बाहेर लावलेल्या त्याच्या मोटारसायकलची हवा कुणीतरी सोडली. ती गोष्ट तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगे. बायकोला ती इतकी पाठ झाली होती की तो सुरुवात करायचा अवकाश, ती उठून पाणी आणायला जाई.

पूर्वी पंचाची निवड म्हणजे मामला सरळ होता. एक लेखी पेपर, त्यात सगळे पास. एक प्रात्यक्षिक, त्यात जवळजवळ सगळे पास. मग तालमीच्या वस्तादांचा शब्द, आणि खरी निवड तिथं. एकदा पंच झालं, की पुढचं मूल्यमापन कोपऱ्यात बसलेल्या निरीक्षकांकडे. ते पोहे खात, चहा पीत, मधूनच मॅटकडे बघत आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नावापुढं ‘समाधानकारक’ असा शेरा मारून गाडीत बसत. मगदूम बरीच वर्षं समाधानकारक होता.

मग ‘निरीक्षा’ आली.

सुरुवातीला यंत्रालाच पंच करून पाहिलं होतं. गुण ते अचूक देई. पण मान मुरगळायच्या बेतात आली आहे, ओरडणारं पोरगं अचानक गप्प झालं आहे, हे ओळखून मध्ये हात घालणं त्याला जमेना. शिवाय मुलं हुशार. समोरच्या गड्याशी कुस्ती करायचं सोडून ती मॅटखालच्या तारांशी कुस्ती करायला, यंत्राला चकवून गुण काढायला लागली. शेवटी कुस्ती मंडळानं ठरवलं, की निर्णय माणसाचा आणि मोजमाप यंत्राचं. निरीक्षा ही नवी यंत्रणा कुस्तीचा निकाल देणार नव्हती. ती फक्त पंचाला तपासणार होती.

मॅटच्या पोटात दाब ओळखणारा एक पातळ थर होता. कुणाचा खांदा कधी टेकला, कुणाचा पाय रेषेबाहेर आधी गेला, हे त्याला बिनचूक कळे. छताला कॅमेरे होते. आणि पंचाच्या डोळ्यांवर बिनभिंगाचा हलका चष्मा. त्याच्या चौकटीतून न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर पडे आणि बुबुळावरून परतून आला, की पंच नेमका कुठं बघत होता याचा हिशोब लागे.

या हिशोबामागचं शास्त्र साधं आहे, पण माणसाला खट्टू करणारं आहे. आपली नजर एखाद्या गोष्टीवरून सलग फिरत नाही. ती उड्या मारते. उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो. मधली फट मेंदू आपल्या अंदाजानं भरून काढतो आणि वर आपल्याला सांगतो, की तू सगळं पाहिलंस. आपणही बिनदिक्कत विश्वास ठेवतो. निरीक्षेला या फटी दिसत. पंचानं काय पाहिलं, काय पाहिलं नाही आणि न पाहिलेलं कशानं भरून काढलं, एवढंच ती सांगे.

मगदूमला तिची भीती वाटत नव्हती. चोरानं कॅमेऱ्याला भ्यावं, आपण कशाला, असं तो उघड म्हणे. राज्य स्पर्धेच्या पंचांच्या निवडीत त्याचं नाव पुढं होतं. म्हणून मंडळाच्या मूल्यमापक ऋतुजा पोतदार यांनी भेटायला बोलावलं, तेव्हा तो नवीन बूट घालून गेला.

पोतदार मॅडम तिशीतल्या होत्या. एक कान कुस्तीनं मोडलेला. त्यांनी चहा मागवला आणि पडदा लावला.

“हा हिरवा ठिपका म्हणजे तुमची नजर, सर.”

पडद्यावर दोन पोरं झुंजत होती आणि ठिपका त्यांच्या खांद्यांवर, कमरेवर, पायांवर नाचत होता. मगदूमला बरं वाटलं. ठिपका कामाचा होता. मग एका पोरानं समोरच्याचा पाय ओढून पट काढला, दोघं धडपडत खाली आली आणि ठिपका टुणकन मॅटच्या बाहेर गेला. तिथं जरा थांबला. परत आला. पडद्यावरच्या मगदूमची दोन बोटं वर झाली, म्हणजे दोन गुण.

मॅडमनी दुसरी कुस्ती लावली. मग तिसरी. दरवेळी अटीतटीच्या क्षणी ठिपका उडी मारून त्याच जागी जाई.

“इथं काय आहे, सर?”

मगदूम हसला. “तिथं आमचे वस्ताद बसतात.”

केरबा चौगले वस्ताद. वय ऐंशीच्या पुढं. नांदणगावच्या हॉलमध्ये स्पर्धा असली, की मॅट अंथरायच्या आधी वस्तादांची खुर्ची मांडायची, ही रीत. मॅटच्या कडेला, पंचांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला. नारळ फुटायचा तो खुर्ची मांडल्यावर. पोरं आधी वस्तादांच्या पाया पडत, मग मॅटला हात लावून कपाळाला लावत. मगदूम त्यांच्याच तालमीत वाढला होता आणि त्याला पंच करणारा शब्दही त्यांचाच होता.

“डाव लागला, की वस्तादांचा तळहात मांडीवर पडतो,” मॅडम म्हणाल्या. “सवय असेल त्यांची. हात पडतो आणि मग तुमची बोटं वर होतात.”

मगदूमच्या हातातला कप बशीवर आपटला. “मॅडम, तुम्ही माझ्यावर पक्षपाताचा आरोप करताय? मी माझ्याच तालमीच्या पोराविरुद्ध…”

“ऐकलंय मी. तो निकालही पाहिला. त्याही वेळी वस्तादांचा हात आधी पडला होता.”

मगदूमनं बशीबाहेर सांडलेला चहा बोटानं पुसला.

“मी आरोप करत नाही, सर. जुन्या चित्रफिती तपासल्या, तर वस्तादांचा हात बरोबर वेळी पडत होता. त्यामुळे तुमचे निकालही बरोबर होते. बिघाड गेल्या दोन वर्षांतला आहे. आता हात उशिरा पडतो. आणि त्याच्याही आधी हे येतं.”

पडद्याच्या तळाशी एक रेघ उसळली. हॉलमधल्या गोंगाटाची. आधी लोक ओरडत होते. मग वस्तादांचा हात मांडीवर पडत होता. मग मगदूमची बोटं वर होत होती. कुस्त्या बदलत होत्या, पण हा क्रम बदलत नव्हता.

“वस्तादांना दिसत नसावं, सर,” मॅडम हळूच म्हणाल्या. “लोकांच्या आवाजावर ते हात टाकतात. तुम्ही हातावर निकाल देता. म्हणजे निकाल गॅलरी देते.”

मग त्यांनी शेवटची चित्रफीत लावली. गेल्या वर्षीची. तेव्हा निरीक्षा नुसती बघत होती, पंचांना गुण द्यायला यंदा लागली.

सतरा वर्षांखालच्या मुली. लाल पोशाखात नांदणगावची मुलगी, निळ्यात आटपाडीकडची श्रावणी पाटोळे. निळीनं लालचा हात बगलेत धरला, कंबर आत घातली आणि अशी ढाक लावली, की लालचे पाय आभाळाकडे झाले. मॅटखालच्या थरानं दोन्ही खांदे क्षणभर टेकल्याची नोंद घेतली होती. दाबून धरले नव्हते, म्हणून चितपट नाही. चार गुण. पण पडता पडता लाल उलटली आणि वर आली, तेव्हा गावची गॅलरी ओरडली. हात पडला. मगदूमच्या डाव्या, लाल पट्ट्याच्या हाताची दोन बोटं वर झाली आणि बाजूच्या पंचानं, टेबलानंही ती मानली. कुस्ती लालची.

निकालाला आव्हान द्यायचं तर कोपऱ्यातून स्पंजचा चेंडू मॅटवर टाकायचा असतो. श्रावणीच्या शाळेतून कुणी आलंच नव्हतं, कोपऱ्यात तिची आई बसली होती. चेंडू कशासाठी दिला आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तो तिच्या मांडीवर तसाच राहिला.

चित्रफीत तिथं संपली नाही. कुस्ती संपल्यावर श्रावणी रीतीप्रमाणे पंचाच्या पाया पडली. पडद्यावरच्या मगदूमनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज स्वच्छ आला. “मेहनत कर, पोरी. ढाक अजून कच्ची आहे तुझी.”

ते बोलताना आपल्याला किती छान वाटलं होतं, ते मगदूमला आठवलं. हरलेल्या पोरीला चार शब्द सांगणारा दिलदार पंच! त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मॅडमकडे बघवेना, म्हणून तो आपल्या नव्या बुटांकडे बघत राहिला.

“पुढच्या महिन्यात तुमच्या नांदणगावच्या हॉलमध्येच विभागीय स्पर्धा आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्यात नजर मॅटवर राहिली, तर राज्याच्या यादीतली जागा पक्की. नाही राहिली, तर शिट्टी परत घ्यावी लागेल. खुर्ची हलवायला मी मंडळातर्फे सांगू शकते. पण ते तुम्ही सांगितलेलं बरं. का हलवायची, हेही त्यांना कळायला हवं.”

“मी सांगतो,” मगदूम म्हणाला. त्याच्या मनात खरंच तसं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तालमीत गेला. वस्ताद कट्ट्यावर बसले होते. आत पोरं खोऱ्यानं माती उकरत होती.

“ये रं रणजित.”

मगदूमनं अजून तोंड उघडलं नव्हतं. वस्तादांना मोटारसायकलच्या आवाजावरून माणूस कळतो, याचं त्याला नेहमी कौतुक वाटायचं. आज त्यानं नीट पाहिलं. पोरानं चहा आणून ठेवला, तेव्हा वस्तादांनी कट्ट्यावर हात पसरला आणि बोटांनी चाचपत कपाचा कान शोधला. हे गेली दोन वर्षं आपल्यासमोर चाललं होतं. आपण पंच.

“विभागीयला निघायचं कवा?” वस्तादांनी विचारलं. “फेटा धुवायला टाकलाय बग.”

मगदूम कट्ट्याच्या कडेला टेकला. सांगायचं होतं ते ओठांवर होतं. वस्ताद, तुम्हाला दिसत नाही. वस्ताद, मलाही दिसत नाही. त्यातलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही.

“वस्ताद, यंदा गर्दी लई असणार आहे. हॉलमध्ये उकाडा. तुम्ही कशाला त्रास घेता? घरीच बघा की, मोबाईलवर दाखवणार आहेत.”

“मोबाईलवर घामाचा वास येतो व्हय रं?” वस्ताद हसले. मग त्याच्या आवाजाच्या दिशेला त्यांनी चेहरा वळवला. “बरं. तू म्हंतोस तर बगू.”

मगदूमला सुटल्यासारखं वाटलं आणि आपण कशातून सुटलो हे कळून लगेच शरमही वाटली. पण शरम वाटली म्हणून तो मागं फिरला नाही. उलट, म्हातारा ऐकायचा नाही हे ओळखून त्यानं घरी जाऊन हॉलच्या संयोजकाला फोन केला. वस्तादांची खुर्ची मांडू नका. मंडळाचा आदेश आहे. पंचावर दडपण येतं. त्यानं मंडळाचं नाव पुढं केलं आणि आपलं मागं ठेवलं.

विभागीयच्या दिवशी हॉल भरला होता. टेबलाच्या डाव्या अंगाची जागा मोकळी होती. नारळ खुर्चीशिवायच फुटला. सकाळच्या कुस्त्यांत मगदूमची नजर एकदोनदा तिकडं गेली, पण तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं आणि ती परत आली. आपण सुधारतोय, असं त्याला वाटायला लागलं.

दोन कुस्त्यांच्या मध्ये दारात गलका झाला. वस्ताद आले होते. धुतलेला फेटा, पांढरं धोतर, हातात काठी. लोकांनी वाट करून दिली. पायांना वर्षानुवर्षांची ओळख असल्यामुळे ते कुणाचा हात न धरता थेट आपल्या जागेपर्यंत आले. लोकांकडे तोंड करून त्यांनी नमस्कार केला. मग मागं न बघता, नेहमीसारखे, खुर्चीत बसले.

खुर्ची नव्हती.

म्हातारं शरीर जमिनीवर आदळल्याचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला. फेटा सुटून घरंगळत मॅटपर्यंत आला. मगदूम मॅटच्या मध्यभागी उभा होता. दहा पावलं गेला असता, तर पोचला असता. तो गेला नाही. कडेला अंग गरम करत असलेली एक मुलगी धावली, तिनं वस्तादांच्या बगलेत हात घालून त्यांना उभं केलं आणि फेटा उचलून आणला. ती श्रावणी पाटोळे होती.

“लागलं काय, आजोबा?”

“न्हाई, पोरी. पडायची सवय हाय. खुर्ची कुनी काढली?”

संयोजकाचा माणूस ओशाळून पुढं आला. “मगदूम सरांचा फोन होता, वस्ताद. तुम्ही बघताय म्हणून पंचावर दडपण येतं म्हणे. मंडळाचा आदेश आहे.”

कुणीतरी खुर्ची आणली. वस्तादांनी तिची पाठ चाचपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मॅट कुठल्या अंगाला हाय?”

ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही त्या प्रश्नानं सगळं सांगितलं. श्रावणीनं त्यांचा हात धरून मॅटच्या दिशेला केला. तेव्हा वस्तादांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मॅटकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

“बगत न्हाई म्हनावं त्याला,” ते म्हणाले. “खेळवू दे बिनघोर.”

लोकांना वाटलं, म्हातारा रुसला. मगदूमला ठाऊक होतं, की वस्ताद रुसणाऱ्यातले नाहीत. आपली नजर शिष्याला जड होते, असं त्यांना वाटलं होतं, म्हणून त्यांनी नसलेली नजर वळवून घेतली होती. जमिनीनं पोटात घ्यावं, असं त्याला वाटलं. पण ध्वनिक्षेपकावर पुढची नावं पुकारली गेली आणि त्यानं शिट्टी तोंडात धरली.

लाल गतवर्षीचीच नांदणगावची मुलगी. निळी श्रावणी.

श्रावणी वर्षभरात ताकदीनं वाढली होती, पण तिची कुस्ती बदलली होती. ती लांबून खेळत होती. लालचा हात दोनदा आयता बगलेत आला आणि दोन्ही वेळा तिनं तो सोडून दिला. मगदूमला नवल वाटलं, पण नवल करायला वेळ नव्हता. गुण बरोबरीत होते आणि घड्याळ संपत आलं होतं. श्रावणीनं वाकून एकेरी पट काढला. लालनं तिला रेषेकडे रेटलं. दोघी कडेवर लटपटल्या आणि एकमेकींत गुंतून पडल्या. आधी कोण बाहेर? आधी कुणाची पाठ? गॅलरी एका तोंडानं लाल, लाल म्हणून ओरडली.

आणि मगदूमची नजर गेली.

ती खुर्चीवर गेली. तिथं पाठ होती. धुतलेल्या सदऱ्याची, जमिनीवरचा मळ लागलेली पाठ. मांडी दिसत नव्हती, हात दिसत नव्हता. ती पाठ काहीच सांगत नव्हती. नजर परत आली, तेव्हा मुली मॅटबाहेर पडलेल्या होत्या आणि जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लोक ओरडत होते. डावा हात वर करणं अगदी सोपं होतं. त्याचा खांदा हललाही. लाल जिंकली असती, गाव खूश झालं असतं आणि नशिबानं निकाल बरोबर निघाला असता, तर कदाचित राज्याची जागाही राहिली असती.

मगदूमनं दोन्ही हात खाली सोडले. टेबलाकडे वळून तो म्हणाला, “मला दिसलं नाही.”

टेबलाशी बसलेल्या मॅट प्रमुखांना ऐकू आलं नसावं. “काय?”

“मला दिसलं नाही. मी बघत नव्हतो.”

गॅलरीत हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. चष्म्याचं दुकान कुठं आहे ते ओरडून सांगितलं. मगदूम मान खाली घालून ते सगळं घेत राहिला. मॅटच्या कडेला बसलेल्या बाजूच्या पंचानं मात्र कुस्ती पाहिली होती. त्यानं निळीला दोन गुण दिले, मॅट प्रमुखांनी ते मान्य केले आणि घड्याळ संपलं. मगदूमनं श्रावणीचा हात वर केला. तो हात धरायचीसुद्धा त्याला लाज वाटत होती.

जेवणाची सुट्टी झाली. हॉल रिकामा होऊ लागला. पोतदार मॅडमनी चष्मा परत घेतला.

“आज दिलेले सगळे निर्णय बरोबर आहेत, सर. एक तुम्ही दिला नाहीत.” त्या घोटाळल्या. “निरीक्षेत त्यासाठी जागाच नाही. न पाहिलेलं पाहिलं म्हणणारे किती, ते ती मोजते. पाहिलं नाही असं कुणी म्हणेल, हे आम्ही धरलंच नव्हतं. मला ते ‘नजर ढळली’ या रकान्यात घालावं लागेल.”

“घाला,” मगदूम म्हणाला. “ढळलीच होती.” त्यानं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. मॅडमनी ती घेतली, पण खिशात न टाकता हातातच धरून ठेवली.

वस्ताद अजून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मगदूम त्यांच्या समोर, भिंतीला टेकून, जमिनीवर बसला.

“कोन जिकली रं?”

“निळी. आटपाडीची पोरगी.”

“तू दिलीस?”

“न्हाई. मला दिसलं न्हाई, वस्ताद. मी तुमच्याकडं बघत होतो.”

“माज्याकडं? मी तर पाट फिरवून बसलो हुतो.”

मग मगदूमनं सगळं सांगितलं. मांडीवरचा हात, बोटं, गोंगाटाची रेघ, फोन. वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. एकदा त्यांनी आपला उजवा तळहात उलटा करून, दिसत असल्यासारखा डोळ्यांसमोर धरला.

“दोन सालं झाली,” ते म्हणाले. “मॅट म्हंजे नुसता पिवळा डाग दिसतो. लोक वरडलं की हात टाकायचा. न्हाईतर म्हनतील, केरबा वस्तादाला कळंना झालं. लाज वाटायची रं सांगायला.” त्यांनी तळहात परत गुडघ्यावर ठेवला. “मी लोकांचं ऐकत हुतो, तू माज्याकडं बगत हुतास. मग कुस्ती कोन बगत हुतं?”



श्रावणी आईला घेऊन आली, रीतीप्रमाणे. वस्तादांच्या पायाशी वाकली, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग ती मगदूमकडे वळली. तो घाईनं उठला आणि मागं सरला.

“नको. आधी ऐक. गेल्या वर्षीची कुस्ती तुझी होती. तुझी ढाक लागली होती. चार गुण होते. मी दिले नाहीत.”

ती चिडेल, रडेल, याची त्यानं तयारी ठेवली होती. तिनं एवढंच विचारलं.

“लागली होती?”

“हो.”

“नक्की, सर?”

“दोन्ही खांदे टेकले होते. यंत्रात आहे.”

“मला तेव्हा वाटलं होतं लागली म्हणून,” श्रावणी सावकाश म्हणाली. “पण तुम्ही कच्ची आहे म्हणाला. तुम्ही पंच. मग मी ढाक सोडूनच दिली, सर. वर्षभर लावलीच नाही. आता हात बगलेत आला, की भीतीच वाटते.”

त्या पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती, तर मगदूमला सोसवली असती. एक चुकीचा निकाल एका दिवसाचा असतो, असं तो आजवर समजत होता.

वस्ताद काठी टेकून उठले. “भीती वाटती म्हंजे काय? रणजित, मॅटवर हुबा ऱ्हा. पोरी, लाव त्याला.”

“सरांना?” श्रावणीनं आईकडे पाहिलं. आईनं पदर खोचला आणि मान हलवली. यंदा ती स्पंजचा चेंडू हातात घट्ट धरून होती.

मगदूम बूट काढून मॅटवर गेला. वस्ताद कडेला खाली बसले आणि त्यांनी तळहात मॅटवर सपाट टेकवला.

पहिल्यांदा तिनं हात धरला, पण कंबर बाहेरच राहिली. मगदूम हलला नाही. आयता पडलो, तर तेही खोटंच होईल, हे त्याला कळत होतं.

“आत शिर,” वस्ताद म्हणाले. “सर हाय म्हनून लाजू नगंस. लाजायचं त्यानं.”

दुसऱ्यांदा ती आत शिरली. मगदूमला तिची कंबर लागली, पायाखालून मॅट गेली, छताचे कॅमेरे गरकन फिरले आणि त्याची पाठ सगळीच्या सगळी एकदम खाली आली. मॅट दणाणली.

“लागली,” वस्ताद म्हणाले. कुणी ओरडायच्या आधी म्हणाले, कारण ओरडायला कुणी नव्हतं. “पंच, किती?”

मगदूमचा श्वास कोंडला होता, त्याला बोलता येईना. पडल्या जागेवरून त्यानं उजवा हात वर केला, निळ्या पट्ट्याचा, आणि चार बोटं उघडली. गुणफलक केव्हाच बंद केलेला होता. तरी त्यानं हात बराच वेळ खाली घेतला नाही.